देशी कोंबड्यांच्या पैदास कळपासाठी तलंगा आणि नरांची निवड

देशी कोंबड्यांचा पैदास कळप म्हणजे पुढच्या पिढीचे आईबाप म्हणून मुद्दाम राखलेल्या नर-माद्यांचा गट होय, आणि अशा कळपाची प्रत खुराड्यापेक्षा किंवा खाद्यापेक्षाही कोणती पिल्ले राखली आणि कोणती वगळली यावर अधिक ठरते. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे आरे वसाहतीतील पाड्यांत, अंधेरी-मरोळपासून बोरिवलीपर्यंतच्या गावठाणांत किंवा मुलुंडच्या डोंगरालगतच्या बैठ्या वस्त्यांत, जिथे थोडे अंगण उरले आहे तिथे कोंबड्या पाळणे शक्य असते. परंतु जागा इतकी तोकडी असते की एका घराचा कळप क्वचितच वीस-पंचवीस पक्ष्यांच्या पुढे जातो. एवढ्या लहान कळपात पाळणाऱ्यावर दोन परस्परविरोधी जबाबदाऱ्या येतात. जातीचे गुण टिकावेत म्हणून बरेच पक्षी वगळावे लागतात आणि रक्त आटू नये म्हणून पुरेसे पक्षी राखावेही लागतात. नवशिक्या पाळणाऱ्याचे लक्ष बहुधा पहिल्या जबाबदारीवरच असते, त्यातही पिसांच्या रंगावर असते, आणि काही पिढ्यांत रंग सुरेख पण अंडी न फळणारा कळप त्याच्या पदरी पडतो. म्हणून निवडीचा क्रम आधी निकोपपणा, मग जातीची ठेवण आणि सर्वांत शेवटी रंग असा असावा.

निवडीपूर्वी मिळणारे पिल्लू खरोखर कोणत्या जातीचे आहे हे ठरवावे लागते. बाजारात ‘गावरान’ म्हणून विकली जाणारी अनेक पिल्ले गिरिराज, वनराज अशा सुधारित वाणांची असतात. परसातील कोंबडीपालनासाठी हे वाण निःसंशय उपयोगी आहेत. पण ते वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून तयार केलेले असल्याने त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लांत आईबापांचे गुण एकसारखे उतरत नाहीत. ज्या पक्ष्यांची संतती पिढ्यान्‌पिढ्या आईबापांसारखीच निपजते त्यांनाच पैदाशीच्या दृष्टीने जात म्हणता येते. भारतातील अशा जातींची अधिकृत नोंद हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ठेवतो.

या नोंदीतील बसरा ही जात महाराष्ट्राच्या वाचकाला सर्वांत जवळची, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी परिचयाची आहे. नंदुरबार जिल्ह्याचा नवापूरकडील भाग आणि त्याला लागून असलेला दक्षिण गुजरातचा आदिवासी पट्टा हे तिचे मूळ क्षेत्र होय. पक्षी लहान ते मध्यम अंगाचा, चपळ आणि सावध असतो. अंग बहुधा पांढरे, त्यावर मान, पाठ व शेपटीला काळी पिसे आणि खांद्यावर-पंखावर तांबूस छटा, तर तुरा लाल, एकेरी आणि बेताचा असतो. प्रौढ नर साधारण सव्वा किलोच्या आत राहतो आणि मादी वर्षाला सुमारे ४० ते ५५ लहान अंडी देते. हे आकडे पाहून ही जात निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण अत्यल्प खाद्यावर, स्वतः चरून, स्वतःच अंडी उबवून आणि पिल्ले वाढवून जगणारी ही कोंबडी आहे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला अधिकृत उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये याच नवापूर तालुक्यात झाला आणि रोग रोखण्यासाठी त्या परिसरातील कोंबड्या मोठ्या प्रमाणावर नष्ट कराव्या लागल्या. एखादी जात एकाच टापूत एकवटलेली असली की तिच्यावर केवढे संकट कोसळू शकते हे त्यावरून कळते. शंभर कोसांवरच्या मुंबईत जपलेला लहानसा कळपही या दृष्टीने मोलाचा ठरतो.

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातील झाबुआकडची जात महाराष्ट्रात बरीच पसरली आहे. तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मागणी वाढली आणि पाठोपाठ चढ्या भावाच्या आमिषाने शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याची प्रकरणे २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातून पुढे आली. या मागणीमुळे संकरित काळे पक्षीही कडकनाथ म्हणून विकले जातात, तेव्हा येथे थोडे आनुवंशशास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. कडकनाथची कातडी, जीभ, हाडांवरचे आवरण आणि आतील इंद्रिये काळी करणारा जनुक प्रभावी आहे, म्हणजे तो आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी परिणाम दाखवतो. मात्र पिवळ्या किंवा फिक्या पायांच्या बहुतेक जातींत कातडीतला काळा रंग दाबणारा दुसरा एक जनुक असतो आणि तो लिंगगुणसूत्रावर असतो. पक्ष्यांमध्ये मुलीला हे गुणसूत्र फक्त बापाकडून मिळते आणि मुलाला दोघांकडून मिळते. परिणामी शुद्ध कडकनाथ नर आणि फिक्या पायांची कोंबडी यांच्या संकरातून निपजलेल्या तलंगा बापासारख्याच काळ्या दिसतात, तर त्यांचे भाऊ फिके निघतात. (पहिले अंडे घालण्यापूर्वीच्या तरुण मादीला तलंग म्हणतात.) म्हणून केवळ काळी तलंग पाहून शुद्धतेची खात्री धरू नये, एकाच उबवणीतील नर-माद्या एकत्र मागून पाहाव्यात, त्यांचे पाय, तुरा, तोंडाच्या आतील भाग आणि गुदद्वाराभोवतीची कातडी तपासावी आणि नरांमध्ये जागोजाग फिकेपणा दिसला तर सबंध खेप नाकारावी.

असील ही तिसरी जात स्वभावाने झुंजार असल्यामुळे निवडीत वेगळी काळजी मागते. तिची ओळख उंच ताठ उभे राहणे, लांब मान, आखूड व घट्ट बसलेली पिसे आणि वाटाण्याच्या शेंगेसारखा तीन ओळींचा बसका तुरा या लक्षणांनी होते. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको. पण पैदाशीच्या दृष्टीनेही झुंजीत जिंकणारा नर हाच उत्तम बाप हा समज सोडला पाहिजे. माद्यांना जखमी करणारा किंवा माणसावर धावून येणारा नर लहान अंगणात निभत नाही आणि दाटीवाटीच्या वस्तीत तो शेजाऱ्यांच्या मुलांनाही धोक्याचा असतो.

पिल्ले कोठून घ्यावीत याबाबत उपनगरवासी भाग्यवान आहे. केंद्र शासनाच्या चार प्रादेशिक कुक्कुट विकास संघटनांपैकी पश्चिम विभागाची संघटना गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीतच आहे. तिच्याकडे त्या वेळी कोणत्या जातींची पिल्ले उपलब्ध आहेत याची चौकशी आधी करावी. राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्यात खडकी येथे, तसेच छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर येथे आहेत. क्रॉफर्ड मार्केटसारख्या जिवंत पक्ष्यांच्या बाजारात ठिकठिकाणचे पक्षी एकत्र आलेले असल्याने तेथून पैदाशीचा पक्षी आणणे टाळलेले बरे. खरेदीपूर्वी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात पाळण्याविषयीचे नियम विचारून घ्यावेत आणि गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी संस्थेची संमतीही घ्यावी, कारण पहाटे आरवणारा नर हा तक्रारीचा ठरलेला विषय असतो आणि नराशिवाय पैदास होत नाही.

एक दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात, पण त्यांत नर-मादी ओळखणे कठीण आणि मरतूक अधिक असते. ८ ते १० आठवड्यांच्या वयात पिल्लांची ऊब सुटलेली असते, राणीखेत म्हणजेच मानमोडी या रोगाच्या आरंभीच्या लसी झालेल्या असतात आणि तुऱ्याच्या वाढीवरून नर ओळखू येतात. शासनाच्या तलंगा गट वाटपाच्या योजनेतही याच वयाचे, २५ तलंगा आणि ३ नर असे गट दिले जातात. निवडीला वाव राहावा म्हणून राखायच्या संख्येच्या किमान दुपटीने तलंगा आणि चौपट-पाचपट नर घ्यावेत. आणलेले पक्षी जुन्या पक्ष्यांपासून किमान तीन आठवडे दूर ठेवावेत आणि पैदाशीत घेण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून पुलोरम या रोगासाठी रक्ताची चाचणी करून घ्यावी. हा रोग बाधित मादीच्या अंड्यातूनच पिल्लात उतरतो. मादी वरवर धडधाकट दिसते आणि पिल्ले मात्र पांढऱ्या हगवणीने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मरतात, त्यामुळे चाचणीशिवाय तिचा दोष उमगत नाही.

मुंबईच्या हवेत निवडीचे वेळापत्रक पावसाळ्याच्या हिशेबाने आखावे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात उबवलेली पिल्ले कोरड्या हवेत वाढतात, पहिली चाळण मार्चच्या सुमारास करता येते आणि पाऊस सुरू होईपर्यंत पक्षी जाणता झालेला असतो. पुढचे चार महिने ही खरी परीक्षा असते. तूस ओले राहते, त्यात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, माश्या-डासांबरोबर देवीची साथ येते आणि दमट हवेत श्वासाचे विकार बळावतात. ज्या पक्ष्याने इतरांसारखीच निगा मिळूनही पावसाळाभर नाक गाळले, पिसे फुगवून कोपरा धरला किंवा वारंवार औषध मागितले त्याला ऑक्टोबरच्या अंतिम निवडीत स्थान देऊ नये, मग त्याचा रंग कितीही देखणा असो. उपचाराने बरा झालेला पक्षी अंड्यांसाठी राखावा. त्याची पिल्ले मात्र काढू नयेत.

प्रत्येक चाळणीत पक्षी दुरून आणि हातात घेऊन असा दोनदा पाहावा. दुरून पाहताना सकाळी खुराडे उघडल्यावर कोण आधी बाहेर येतो, कोण खाद्याशी टिकून राहतो, कोणाची चाल सरळ आणि पाय समांतर पडतात हे निरखावे. मागून पाहिले असता ढोपरे एकमेकांकडे वळलेला पक्षी पैदाशीला घेऊ नये. मग संध्याकाळी, पक्षी दांडीवर बसल्यावर, त्याला न धावडवता उचलावे. डाव्या हाताचा तळवा छातीखाली घालून दोन्ही पाय बोटांत धरले की पक्षी शांत राहतो आणि उजवा हात तपासणीला मोकळा मिळतो. प्रथम डोके पाहावे. चोचीच्या दोन्ही फाकी एकमेकींवर नीट बसल्या पाहिजेत, कारण वाकडी चोच हा बहुधा आनुवंशिक दोष असतो. डोळे भरदार, बाहुली वाटोळी आणि प्रकाशात आक्रसणारी असावी. बाहुलीची कड दातेरी किंवा बुबुळ करडे पडलेले दिसले तर तो मॅरेक्स या विषाणुजन्य रोगाचा ठसा असू शकतो आणि असा पक्षी तत्काळ वेगळा करावा.

त्यानंतर बोटांची टोके छातीच्या हाडावरून पुढून मागे फिरवावीत. हे हाड नावेच्या कण्यासारखे सरळ लागले पाहिजे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असावे. हाड सुरीसारखे टोचत असेल तर पक्षी कुपोषित, जंतग्रस्त किंवा मुळातच दुबळा आहे असे समजावे. पाठ रुंद असावी आणि ती रुंदी शेपटीपर्यंत टिकावी, कारण अंडाशय आणि आतडी यांना जागा त्या रुंदीतूनच मिळते. पंख हलकेच पसरून पाहावा. बाहेरची दहा मोठी पिसे आणि आतली पिसे यांच्यामध्ये एक आखूड पीस असते, तेथे रिकामी फट राहत असेल तर तो दुभंगलेल्या पंखाचा दोष होय आणि तो संततीत उतरतो. पायांची खवले गुळगुळीत व चिकटून बसलेली, बोटे सरळ आणि तळवे निर्व्रण असावेत. अंड्यावर येऊ लागलेल्या तलंगेत गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची टोके पातळ व लवचीक लागतात आणि त्यांच्यामध्ये दोन बोटे सहज मावतात. सहा-सात महिन्यांच्या तलंगेत ती टोके जाड, ताठ आणि जवळजवळ असली तर ती उशिरा आणि थोडी अंडी देणारी ठरण्याचा संभव अधिक असतो.

मात्र दिसलेला प्रत्येक दोष रक्तातला असतोच असे नाही. कोवळ्या वयात अरुंद दांडीवर बसल्याने छातीचे हाड वाकते, गुळगुळीत कागदावर किंवा थंड जमिनीवर वाढलेल्या पिल्लांची बोटे मुरडतात आणि जीवनसत्त्वांच्या अभावी पाय अधू होतात. एकाच उबवणीतील अनेक असंबंधित पिल्लांत एकच व्यंग दिसले तर आधी आपल्या संगोपनाकडे पाहावे. चांगल्या निगेतही ते एकाच आईबापांच्या पिल्लांत पुन्हा पुन्हा उमटत असेल तर त्या आईबापांनाच पैदाशीतून काढावे. याच कारणाने तुलना नेहमी एकाच उबवणीतील, एकच खाद्य खाल्लेल्या पिल्लांमध्ये करावी. हॉटेलातले उरलेले अन्न मिळालेले पिल्लू आणि कणी-कोंडा खाल्लेले पिल्लू यांच्या वजनातील फरक पैदाशीविषयी काहीही सांगत नाही.

वजन आठव्या आणि बाराव्या आठवड्याला साध्या काट्यावर करून लिहून ठेवावे. सर्वांत जड पक्षी निवडण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. शरीराचे वजन आनुवंशिक असल्याने दोन-तीन पिढ्यांतच कळप जड होतो, परंतु जड माद्या सहसा कमी अंडी देतात आणि बसऱ्यासारख्या हलक्या जातीत तर तो जातीचाच बिघाड होय. जातीच्या प्रमाण वजनाच्या मध्याभोवतीचे, वाढीत न अडखळलेले पक्षी राखावेत. अंड्यांची संख्या, अंडी फळण्याचे प्रमाण आणि पिल्लांची जगण्याची क्षमता हे गुण याउलट फार थोडे आनुवंशिक असतात, म्हणून ते एकट्या पक्ष्याकडे पाहून जोखता येत नाहीत. त्यासाठी कुटुंब पाहावे लागते. ज्या मादीच्या बहुतेक अंड्यांतून पिल्ले निघाली, त्यांतली बहुतेक जगली आणि तिच्या बहिणीही तशाच निघाल्या, तिचा मुलगा नर म्हणून राखावा. नर स्वतः अंडी देत नसल्याने त्याची परीक्षा आई-बहिणींवरूनच होते, आणि कळपातल्या सर्व पिल्लांचे अर्धे गुण मोजक्या नरांकडून येत असल्याने तलंगांपेक्षा नराची चाळणी अधिक काटेकोर असावी.

खुडूक बसणे, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसणे, हा व्यापारी कोंबडीपालनात दोष मानला जातो आणि लेगहॉर्नसारख्या जातींतून तो निवडीने जवळजवळ नाहीसा केला गेला आहे. देशी जातीच्या पैदाशीत मात्र तो राखण्याजोगा गुण आहे. एकवीस दिवस निष्ठेने बसणारी, पिल्लांना घारीपासून आणि मुंगसापासून पंखाखाली घेणारी मादी वगळली तर जातीचा अर्धा वारसाच वगळला जातो, मग इन्क्युबेटर कितीही चांगला असो.

आता संख्येचा प्रश्न येतो आणि लहान कळपात तोच सर्वांत निर्णायक असतो. पैदाशीत दहा माद्या आणि एक नर असेल तर कळपात अकरा पक्षी दिसतात, परंतु आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात त्यांची प्रभावी संख्या, म्हणजे नर-मादी समसमान असलेल्या ज्या आदर्श कळपाइतकी विविधता त्यांच्यात टिकते त्याची संख्या, जेमतेम ३.६ भरते. नर आणि माद्यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला त्यांच्या बेरजेने भागले की ती मिळते. या कळपात दर पिढीला सुमारे १४ टक्के या वेगाने सगोत्र प्रजनन वाढते. अंडी कमी फळणे, पिल्ले कवचातच मरणे आणि रोगप्रतिकार खालावणे हे त्याचे परिणाम होत. माद्या दहाच्या वीस केल्या तरी प्रभावी संख्या ३.८ च्या पुढे जात नाही. उलट माद्या दहाच ठेवून नर तीन केले तर ती ९.२ होते आणि सगोत्रतेचा वेग साडेपाच टक्क्यांच्या खाली येतो. म्हणजे जागा थोडी असेल तर माद्या कमी करून नर वाढवावेत. सगळ्यांत उत्तम नर निवडून बाकीचे काढून टाकावेत ही सर्वत्र दिली जाणारी शिफारस लहान कळपाला घातक आहे.

एका अंगणात तीन नर नांदवणे आणि शेजाऱ्यांची झोप राखणे अवघड असते, म्हणून एकाच जातीच्या तीन पाळणाऱ्यांनी एकत्र यावे, हा यावरचा सर्वांत व्यवहार्य उपाय होय. समजा एक घर आरेच्या पाड्यात, दुसरे बोरिवलीच्या गावठाणात आणि तिसरे मुलुंडला आहे. प्रत्येकाने दोन नर आणि दहा माद्या राखाव्यात. निपजलेल्या तलंगा आपापल्या घरीच ठेवाव्यात आणि निवडलेले तरुण नर मात्र दरवर्षी ठरलेल्या एकाच दिशेने, आरेचे बोरिवलीला, बोरिवलीचे मुलुंडला आणि मुलुंडचे आरेला, पाठवावेत. अशा फेरपालटीत भाऊ-बहिणींचा संकर कधीच होत नाही, तिन्ही घरे मिळून प्रभावी संख्या वीसपर्यंत पोचते आणि एका घरी रोग आला किंवा बिबट्याने खुराडे फोडले तरी जात दोन ठिकाणी शिल्लक राहते. साथीच्या दिवसांत पक्ष्यांची ने-आण अर्थातच थांबवावी.

यासाठी पक्षी निःसंशय ओळखता आला पाहिजे. पिल्लू एक दिवसाचे असतानाच दोन बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, आणि दोन्ही पायांचे मिळून चार पडदे असल्याने छिद्रांच्या जागा बदलून सोळा कुटुंबे वेगळी दाखवता येतात. मोठेपणी पायात क्रमांकाचे कडे घालावे. वहीत प्रत्येक पक्ष्याचे आईबाप, उबवणीची तारीख, दोन वजने, झालेले आजार आणि वगळल्यास त्याचे कारण लिहावे. वगळलेले पक्षी खाण्यासाठी किंवा अंड्यांसाठी द्यावेत, पैदाशीचे म्हणून विकू नयेत.

नवा नर आल्यावर लगेच अंडी उबवायला ठेवू नयेत. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचे शुक्राणू दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात आणि त्या काळातील पिल्लांचा बाप निश्चित सांगता येत नाही. म्हणून जुना नर काढल्यापासून तीन आठवड्यांची अंडी घरी खाण्यात वापरावीत आणि चौथ्या आठवड्यापासूनची, स्वच्छ, मध्यम आकाराची व सात दिवसांपेक्षा जुनी नसलेली अंडीच खुडूक कोंबडीखाली मांडावीत.